राष्ट्राध्यक्षाला हवामान आणि युद्ध या दोन फूटपट्ट्या लावल्या, माझी एक्सेल २००० सालीच फेल गेली

अळूचं_फदफदं (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज डिशवॉशर लावून बसलेच. आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो. मला २०२३ ला सिटिझनशिप मिळाली आणि २०२४ ला पहिल्यांदा इथल्या राष्ट्राध्यक्षासाठी मत दिलं, आणि खरं सांगते, बाहेर आले तेव्हा नव्या नागरिकाला वाटायला पाहिजे तसं काही वाटलं नाही, मंडईत उशिरा पोचून उरलेली कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी आल्यासारखं वाटलं. कुणाला दिलं ते विचारू नका.

माझे मुद्दे दोनच. हवामानासाठी काय करणार, आणि युद्धाला नाही म्हणणार का. बाकीचं बिनमहत्त्वाचं नाही पण बाकीचं पुढचा येऊन निदान फिरवू तरी शकतो. तर २०२८ साठी आत्तापासून एक एक्सेल करायला घेतली, दोन रकाने, प्रत्येकी दहा मार्क. मी टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे कुठलाही नियम नव्या डेटाला लावायच्या आधी जुन्या डेटावर चालवून बघायची खोड आहे. म्हणून जुन्या निवडणुका आत घातल्या. पहिली केस २००० ची, बुश विरुद्ध गोर.

बुश पुढे आला हो.

हसू नका. सप्टेंबर २००० मध्ये मिशिगनमधल्या सॅगिनॉला बुशने भाषणात सांगितलं होतं की वीज प्रकल्पांच्या कार्बन डायऑक्साइडवर बंधनकारक मर्यादा आणू. ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये म्हणाला की आपण नम्र राष्ट्र असलं पाहिजे, दुसऱ्यांचे देश बांधून द्यायला आपलं सैन्य नाही. आणि गोर? १९९१ च्या आखाती युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्या १० डेमोक्रॅट सिनेटर्सपैकी एक, कोसोव्होवर बाँब पडत होते तेव्हा उपाध्यक्ष. हवामानात त्याला पूर्ण मार्क द्यावेत तर उत्सर्जन कमी करायचा क्योटो करार त्यांच्या सरकारने सिनेटपुढे मंजुरीला नेलासुद्धा नाही (नेला असता तरी आपटलाच असता, १९९७ ला सिनेटने ९५ विरुद्ध ० ने आधीच सांगून ठेवलं होतं).

पुढचं तुम्हाला माहितीच आहे, मार्च २००१ मध्ये बुशने कार्बनचं वचन मागे घेतलं, त्याच महिन्यात क्योटोला रामराम, आणि मार्च २००३ ला इराक. म्हणजे मी तेव्हा फ्लोरिडात असते तर माझ्या हुशार एक्सेलने मला हौसेने बुशकडे ढकललं असतं, आणि तिथे निकाल लागला ५३७ मतांनी. तर आता सांगा, फूटपट्टी चुकली की मोजणारी?

रुमाल_टाक्या

पैला. रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर घरी जाऊन.

जुनं_खोड

अळूताई, फूटपट्टी बरोबर आहे, तुम्ही भाषणं मोजलीत ते चुकलं. मी १९८६ पासून न्यू जर्सीत आहे, भाषणं ऐकून ऐकून कान किटले. १९१६ ला विल्सन ‘यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं’ या घोषणेवर निवडून आला आणि एप्रिल १९१७ ला युद्धात उतरला. १९६४ ला जॉन्सन म्हणाला आपली पोरं नऊ-दहा हजार मैलांवर लढायला पाठवणार नाही, मार्च १९६५ ला मरीन्स दा नांगच्या किनाऱ्यावर. शांततेचं भाषण करणं ही उमेदवाराची रीतच आहे हो, वधूपित्याने ‘आमची मुलगी स्वयंपाकात तरबेज’ म्हणावं तशी.

मोजायचं ते मत. ऑक्टोबर २००२, इराकवर लष्करी कारवाईची परवानगी. सिनेट ७७ विरुद्ध २३, हाउस (म्हणजे खालचं सभागृह) २९६ विरुद्ध १३३. केरी हो, एडवर्ड्स (केरीचा उपाध्यक्षपदाचा जोडीदार) हो, हिलरी हो, बायडन हो. म्हणजे २००४, २०१६ आणि २०२० ला डेमोक्रॅटांनी उभे केलेले तिन्ही उमेदवार त्या ७७ मधलेच! यातला केरी हवामानाच्या बाबतीत सिनेटमधल्या चांगल्यांपैकी एक, पुढे २०१६ ला नातीला मांडीवर घेऊन पॅरिस करारावर सही केली ती त्यानेच. त्याला तुमच्या एका रकान्यात नऊ आणि दुसऱ्यात तीन. बेरीज करून काय हाती लागणार?

ओबामा तेव्हा इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये होता, त्याला मत नव्हतंच, पण शिकागोच्या सभेत उघड विरोधात बोलला. २००८ ला हिलरीला गाठलं त्यात त्या भाषणाचा वाटा मोठा.

तिरपागडा

काका, भाषण मोजायचं नाही म्हणता आणि पुढच्याच परिच्छेदात ओबामाचं भाषण मोजता. तो त्याच भाषणात म्हणाला होता ना की माझा सगळ्या युद्धांना विरोध नाही, मूर्ख युद्धाला आहे. मग निवडून आल्यावर शहाणी युद्धं केली. १ डिसेंबर २००९ ला अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक जाहीर केले आणि १० डिसेंबरला ऑस्लोला जाऊन शांततेचं नोबेल घेतलं. टायमिंगला दाद.

जुनं_खोड

तिरपागडे, ते भाषण मोजतो कारण २००२ ला तसं बोलणं महाग होतं. ११ सप्टेंबरला वर्ष झालं होतं, आमच्या गावात ट्रेन स्टेशनच्या पार्किंगमध्ये मालक परत न आलेल्या गाड्या उभ्या होत्या ते मी पाहिलंय. त्या दिवसांत युद्ध नको म्हणणाऱ्याकडे लोक कसे बघायचे ते तुम्हाला इथून नाही कळणार. सप्टेंबर २००१ मध्ये लष्करी कारवाईचे अधिकार द्यायचं मत झालं तेव्हा हाउसमध्ये ४२० विरुद्ध १. ती एक म्हणजे बार्बरा ली, कॅलिफोर्निया. बर्नी सँडर्ससुद्धा त्या दिवशी ४२० मध्येच होते, इराकला मात्र नाही म्हणाले. स्वस्त भाषण आणि महाग भाषण यात फरक करा एवढंच म्हणणं.

फडताळ

धागा आवडला. पण मूळ अडचण वेगळीच आहे असं वाटतं, हे दोन गुण एका माणसात सहसा येतच नाहीत. २००८ चे रिपब्लिकन घ्या. मकेन, २००३ ला डेमोक्रॅट लीबरमनबरोबर कार्बनवर मर्यादा आणणारं विधेयक सिनेटमध्ये मताला लावलं, ४३ विरुद्ध ५५ ने पडलं पण रिपब्लिकन असून लावलं. आणि युद्धाचं विचाराल तर इराकमध्ये शंभर वर्षं राहायलाही हरकत नाही म्हणाला. त्याच स्टेजवर रॉन पॉल, इराकला विरोध करणाऱ्या हाउसमधल्या मोजक्या ६ रिपब्लिकनांपैकी एक, बाहेरचे सगळे तळ बंद करा म्हणणारा, आणि हवामान बदल म्हटलं की त्याला थोतांड वाटायचं. आता सांगा कोण?

आणि निक्सन तर बोलायलाच नको. एकट्या १९७० मध्ये बघा. २२ एप्रिलला देशभर पहिला वसुंधरा दिन, ३० एप्रिलला निक्सन टीव्हीवर येऊन सांगतो की सैन्य कंबोडियात घुसलंय, ४ मे ला केंट स्टेट विद्यापीठात निदर्शनं करणारी पोरं आणि जाणारे-येणारे मिळून ४ विद्यार्थी नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी मेले, डिसेंबरमध्ये पर्यावरण संस्था म्हणजे ईपीए सुरू, आणि ३१ डिसेंबरला क्लीन एअर ॲक्टवर सही. आज कोर्टात कार्बनवरून जी भांडणं होतात ती त्याच कायद्याच्या जिवावर. आता या बाबाला किती मार्क?

अळूचं_फदफदं

निक्सनला मार्क देताना एक्सेल बंद करून चहा करायला गेले होते, आईशप्पथ.

पण फडताळ, दोन्हींत बरे असलेले होते की. जे इन्स्ली, वॉशिंग्टनचा गव्हर्नर, २०१९ ला निव्वळ हवामान या एकाच मुद्द्यावर उभा राहिला. २००२ ला हाउसमध्ये होता, इराकला नाही म्हणाला. माझ्या एक्सेलमध्ये सगळ्यात वर. आणि २१ ऑगस्ट २०१९ ला बाहेर पडला! आयोवात पहिलं मत पडलं फेब्रुवारी २०२० मध्ये. म्हणजे पहिल्या नंबरच्या उमेदवाराला मत द्यायची सोय अख्ख्या देशात एकाही माणसाला मिळाली नाही.

तिरपागडा

तुलसी गॅबर्ड राहिली ताई. २०१९ ला आमच्या ढोल-ताशा पथकाच्या ग्रुपवर निम्मी जनता तिच्यामागे होती, गीतेवर हात ठेवून शपथ घेतली म्हणून. युद्धविरोध हाच तिचा मुख्य मुद्दा, स्वतः इराकला जाऊन आलेली, आणि २०१७ ला कोळसा-तेल-गॅस सोडायचं विधेयकही तिने आणलं होतं. तुमच्या एक्सेलमध्ये घसघशीत मार्क. पुढे ट्रंपची गुप्तचर प्रमुख झाली, मार्च २०२५ मध्ये सिनेटला सांगितलं की इराण अण्वस्त्र बनवत नाहीये, जूनमध्ये साहेब म्हणाले ती चुकीची आहे, आणि २२ जूनला इराणच्या फोर्डो, नतांझ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बाँब पडले. ती तरीही तिथेच राहिली.

मिशिगनची_मामी

आता माझंही ऐका. आम्ही डीअरबॉर्नच्या शेजारी, माझ्या मुलीच्या वर्गातली अर्धी मुलं लेबनीज, येमेनी. फेब्रुवारी २०२४ च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात) आमच्याकडे ‘अनकमिटेड’चा, म्हणजे कुणालाच बांधील नाही असा पर्याय होता, लाखावर लोकांनी तो भरला, मी पण. गाझासाठी. आणि बायडनचं हवामानाचं काम मला दिसत नव्हतं असं नाही हं, आमच्या घरावर सोलर त्याच्याच ३० टक्के टॅक्स क्रेडिटवर बसलं. पण एका हाताने सोलर आणि दुसऱ्या हाताने बाँब हे मला जमेना. नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षाचा रकाना कोरा ठेवून खालचं सगळं भरून आले.

तिरपागडा

आणि मिळालं काय मामी? मिशिगन सुमारे ८० हजार मतांनी गेलं. युद्ध २०२५ मध्येही चाललंच, वर सोलरचं क्रेडिटपण २०२५ च्या डिसेंबरअखेर बंद झालं आणि इलेक्ट्रिक गाडीचे ७,५०० डॉलर तर त्याच वर्षी ३० सप्टेंबरलाच गेले. तेलही गेलं तूपही गेलं.

मिशिगनची_मामी

धुपाटणं माझ्या हातात आलं हे मान्य. पण ज्या बाईच्या घरची माणसं तिकडे ढिगाऱ्याखाली गेली तिच्याशेजारी मी ग्रोसरीच्या रांगेत उभी असते, तुम्ही नसता. तिला ‘अगं पण पॅरिस करार’ असं म्हणायचं का मी? तुम्ही तिच्या तोंडावर म्हणून दाखवा मग माझ्याशी बोला.

जुनं_खोड

दोघेही जरा दमाने घ्या. मामी, मी तुमच्या जागी असतो तर हॅरिसला दिलं असतं, पण तुम्ही वागलात ते मूर्खपणाचं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रुमाल_टाक्या

आलो. एक गोष्ट कुणीच काढली नाही अजून, की हे दोन रकाने वेगळे धरणं हेच गंडलंय. अमेरिकेचं संरक्षण खातं (सप्टेंबर २०२५ पासून त्याला युद्ध खातं म्हणायचं असा आदेश आहे, निदान नाव तरी खरं झालं) हे जगात सगळ्यात जास्त तेल पिणारी संस्था आहे. ब्राउन विद्यापीठात युद्धांच्या खर्चाचा हिशोब ठेवणारा एक प्रकल्प आहे, त्यांच्या हिशोबात २०१७ सालचं एकट्या खात्याचं उत्सर्जन स्वीडन किंवा पोर्तुगालसारख्या अख्ख्या देशांपेक्षा जास्त निघालं. क्योटोच्या वेळी परदेशातल्या लष्करी मोहिमांचा धूर मोजणीतून वगळून घेतला, पॅरिसमध्ये सैन्याचे आकडे देणं ऐच्छिक. आणि सँडर्स, म्हणजे तुमच्या एक्सेलमध्ये जो वरच असणार, तो माझाही आवडता आहे, त्यानेसुद्धा स्वतःच्या राज्यात बर्लिंग्टनला एफ-३५ लढाऊ विमानं आणायला पाठिंबाच दिला होता. तिथे रोजगार आहेत ना. म्हणजे युद्धाला विरोध आणि विमानतळाला पाठिंबा.

वाडीवरचा

नेहमी वाचतो, लिहीत नाही, आज राहवलं नाही. मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुपारी दोन-तीन तासांत आमची वाडी आडवी झाली. रोठा सुपारीचं नाव ऐकलं असेल, आजोबांनी लावलेल्या पोफळी होत्या, सकाळी वर बघायला मान मोडायची आणि संध्याकाळी घरातून थेट समुद्र दिसत होता, आई म्हणाली आपल्या घरातून समुद्र दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं. नवीन लावलेल्या आता कुठे धरायला लागल्यात.

धाकटा भाऊ दोह्याला एसीच्या कामावर. तुम्ही वर लिहिलंत २२ जून, त्याच्या दुसऱ्या दिवशी २३ ला संध्याकाळी इराणने अल उदैदच्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली, भावाने गच्चीवरून व्हिडिओ पाठवला, आकाशात दिवाळी, आणि मग फोन लागेना. विमानं बंद, आकाशच बंद. फोन लागेपर्यंत आईने देवापुढचा दिवा विझू दिला नाही.

तुम्ही मार्क देताय ते वाचून गंमत पण वाटली आणि थोडा रागही आला. मला तिकडे मत नाही. कोरं ठेवायलासुद्धा नाही.

तिरपागडा

भाऊ, वाईट वाटलं वाचून. पण एक वादळ आणि अमेरिकेचं धोरण यांची गाठ अशी थेट नाही मारता येत.

वाडीवरचा

मारलीय कुठे? ट्रंपने वादळ पाठवलं असं म्हणायला मी खुळा नाही. समुद्र तापतोय एवढं आमच्या कोळ्यांनाही कळतं, मे महिन्यातली मासळी कुठे गेली ते त्यांना विचारा. पुढच्या वर्षी मे मध्ये लगेच तौक्ते आलं. तापवलं कुणी किती हा हिशोब तुमच्या शिकलेल्या लोकांनी करायचा, आम्ही पोफळी लावतो.

कलम_किडा

वाडीवरचा यांचा प्रतिसाद वाचून मी माझा लिहिलेला मोठा प्रतिसाद पुसला, पुन्हा लिहितो. अळूताई, तुमची चूक मला वेगळीच वाटते. तुम्ही दोन्ही रकान्यांना सारखं वजन दिलंत, दोन्हींत राष्ट्राध्यक्षाचा हात सारखाच चालतो असं धरून.

युद्ध बघा. घटनेप्रमाणे युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा म्हणजे इथल्या संसदेचा, पण काँग्रेसने रीतसर युद्ध शेवटचं पुकारलं ते १९४२ ला. कोरिया, व्हिएतनाम, इराक, सगळं त्याशिवाय. १९७३ ला निक्सनचा व्हेटो मोडून कायदा केला की सैन्य घुसवलं तर ४८ तासांत कळवा आणि ६० दिवसांत परवानगी घ्या. २०११ ला लिबियात ६० दिवस उलटले तेव्हा ओबामाच्या वकिलांनी सांगितलं की हा त्या कायद्यातला संघर्षच नव्हे. २०१९ ला येमेनमधल्या युद्धातून अंग काढा असा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, सँडर्स आणि रिपब्लिकन माइक ली दोघांनी मिळून आणलेला, ट्रंपने व्हेटो केला, विषय संपला. जून २०२५ मध्ये इराणवरची कारवाई रोखायचा सिनेटर केनचा ठराव ४७ विरुद्ध ५३ ने पडला, तोही बाँब टाकून झाल्यावर. म्हणजे इथे एक माणूस रात्रीत ठरवतो.

आता हवामान. ओबामाने वीज प्रकल्पांसाठी २०१५ ला नियम आणले, फेब्रुवारी २०१६ ला सुप्रीम कोर्टाने थांबवले, एक दिवसही लागू झाले नाहीत. गरीब देशांच्या हवामान निधीला ३ अब्ज डॉलर कबूल केले, जाईपर्यंत १ अब्जच देता आले. पॅरिस, आत गेलो, बाहेर, आत, आता परत बाहेर. कार्टरने १९७९ ला व्हाइट हाउसच्या छपरावर सोलर बसवले, रेगनच्या काळात छप्पर दुरुस्तीला काढले ते परत चढलेच नाहीत. बायडनचा हवामानाचा मोठा कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० ने झाला, शेवटचं मत उपाध्यक्ष हॅरिसचं. त्याचे पाय तोडणारं विधेयक १ जुलै २०२५ ला सिनेटमध्ये किती मतांनी झालं? ५१ विरुद्ध ५०. शेवटचं मत उपाध्यक्ष व्हान्सचं.

म्हणून माझं गणित असं, राष्ट्राध्यक्षाला युद्धावर मोजा, तिथे त्याच्या स्वभावाला कुणाचा लगाम नाही. हवामानाचे मार्क तुमच्या सिनेटरला द्या.

फडताळ

+१. आयोवाचं बघा ना, रिपब्लिकन राज्य, निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर. पवनचक्क्यांचं टॅक्स क्रेडिट १९९२ ला आणलं ते तिथल्या सिनेटर ग्रासलीने. त्याला कुणी पर्यावरणवादी म्हणणार नाही, स्वतःलाही म्हणवून घेत नसेल.

जुनं_खोड

कलमराव, पटलं पण पूर्ण नाही. तेल काढायला जमीन द्यायची की नाही हे राष्ट्राध्यक्षच ठरवतो, २०२३ ला अलास्कातला विलो प्रकल्प बायडनने मंजूर केला तो काही सिनेटने करायला लावला नव्हता. आणि ईपीएवर कोण बसणार? तेही तोच ठरवतो. इतकंही हात वर करू नका.

अळूचं_फदफदं

कलम_किडा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला मग आपल्या पेनसिल्व्हेनियात काय करणार, इथे सिनेटर कुठल्याही पक्षाचा असो, फ्रॅकिंगला (जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढण्याला) नाही म्हणणारा निवडून येत नाही. खरंय. हॅरिस २०१९ ला बंदी हवी म्हणाली होती, २०२४ ला इथे येऊन बंदी घालणार नाही म्हणाली. १९ इलेक्टोरल मतं आहेत ना आमची. आमच्या शेजारच्या काकांच्या जमिनीखालून गॅस काढतात, त्या चेकवर नातीचं कॉलेज चाललंय, बर्फ पडला की आमचा ड्राइव्हवेही तेच साफ करून देतात. त्यांना मी काय मार्क देऊ.

एक्सेल बदललीय. भाषणांना शून्य वजन, जुन्या मतांना सगळ्यात जास्त, आणि ‘बोलणं महाग असताना बोलले का’ असा एक नवा रकाना जुन्या खोडकाकांच्या नावाने. युद्धाला सात, हवामानाला तीन. हे वजन लावून २००० परत चालवलं. बुशचं संसदेतलं मतच नाही, तो गव्हर्नर होता, त्यामुळे रिकामा. गोर १९९१ च्या मतामुळे खाली. तरीही उत्तर येत नाही ते नाहीच. गंमत म्हणजे सप्टेंबर २००२ मध्ये, हरल्यावर, गोरनेच सॅन फ्रान्सिस्कोला इराकविरुद्ध भाषण केलं होतं, महागाच्या दिवसांत. ते कुठल्या रकान्यात टाकू, निवडणूक तर होऊन गेलेली.

कलम_किडा

ताई ते सगळं राहू दे, आधी हे सांगा की पक्ष नोंदवलाय का? पेनसिल्व्हेनियात प्रायमरी बंद असते, पक्षात नाव नसेल तर तिथे उमेदवार निवडायला मतच नाही. आणि तुमचा नंबर एप्रिलअखेर लागतो, तोवर बहुतेकांनी गाशा गुंडाळलेला असतो.

अळूचं_फदफदं

नाही हो, अपक्ष म्हणून नोंदवलंय! कुठल्याच पार्टीचं लेबल नको म्हणून तेव्हा मोठ्या तोऱ्यात तसं टिक केलं होतं. म्हणजे एवढी एक्सेल करून प्रायमरीला मी पण वाडीवरच्यांच्याच रांगेत की.

वाडीवरचा

या ताई, बसा. सुपारी कातरून देतो.